पुस्तकांच्या मांडणीसाठी एमडीएफ की सागवान?

सई, डोंबिवली

नमस्कार. दिवाळीपर्यंत स्वतःच्या हाताने पुस्तकांची मांडणी करायची आहे. सहा फूट उंच, तीन फूट रुंद, पाच कप्पे. तळाशी दोन दारं हवीत, आत दिवाळी अंकांचे गठ्ठे जातील. हत्यारं म्हणाल तर ड्रिल, जिगसॉ, हातकरवत आणि एक छोटा रंधा. वखारवाले म्हणतात सागवानच घ्या, पुढची पिढी वापरेल. प्लायवुडच्या दुकानात म्हणाले एमडीएफ (लाकडाचे तंतू राळेत दाबून केलेली शीट) न्या, मापात कापून देतो, रंग मारा की झालं. सागवानाचा घनफुटाचा भाव ऐकून मी तशीच परत आले. ज्या भिंतीला मांडणी लागेल तिच्यामागे बाथरूम आहे आणि खालचा हातभर भाग पावसाळ्यात ओलसर असतो. काय घेऊ?

पॅटर्नवाला, कोल्हापूर

मी फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, करायचो. शिरोली एमआयडीसीत उमेदीची वर्षं गेली. आधी सगळं काम सागवानात, नंतर एमडीएफही आलं, त्यामुळे दोन्हींचा स्वभाव हाताला माहीत आहे. माझं स्पष्ट मत, अख्खी मांडणी एकाच मालात करू नका. प्रत्येक भागाला काय सोसायचं आहे ते बघून माल ठरवा.

सगळ्यात महत्त्वाचे कप्पे. एमडीएफचा ताठपणा सागवानाच्या तिसरा-चौथा हिस्सा धरा. पुस्तकं खच्चून भरली तर मीटरभर लांबीवर पंचवीस-तीस किलो वजन सहज येतं. 18 मिमीची तीन फुटी एमडीएफ फळी त्याखाली हळूहळू वाकते आणि पुस्तकं काढली तरी पुरती सरळ होत नाही. आधारांमधलं अंतर निम्मं केलं तर बाक सोळावा हिस्सा उरतो. म्हणून मधोमध एक उभी फळी द्या, दीड-दीड फुटाचे खण पाडा. शिवाय प्रत्येक कप्प्याच्या पुढच्या कडेला सागवानाची दीड इंची पट्टी उभी चिकटवा. ताठपणा वाढतो आणि एमडीएफची नाजूक कडही झाकली जाते. एवढ्या पट्ट्यांना सागवान फार लागत नाही, वखारीत तुकडे मागा.

दारांची चौकट सागवानाची आणि आतली फळी एमडीएफची करा. लाकूड रुंदीत हलतं. फूटभर रुंद फळी उन्हाळा-पावसाळ्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटर सहज कमीजास्त होते, म्हणून चौकटीत लाकडाची फळी चिकटवायची नसते, खाचेत मोकळी ठेवावी लागते. एमडीएफ जेमतेम हलतं, त्यामुळे थेट चिकटवता येतं. इथे ते सागवानापेक्षा सरस आहे, आणि रंगाला पृष्ठभागही तेच चांगला देतं.

सागवानात नैसर्गिक तेल असतं. रंधा मारल्या मारल्या गोंद लावा. फळी काही दिवस पडून असेल तर आधी थिनरने पुसा.

आता ओल. एमडीएफ जमिनीला टेकवू नका. खाली सागवानाची तीन-चार इंच उंच बैठक करा, पाठ भिंतीपासून इंचभर लांब ठेवा. पण आधी प्लंबर बोलवा. ओल मुरत राहिली तर सागवानाच्या मांडणीतही पुस्तकांना बुरशी येईल.

मुक्ता, गुहागर

वरच्याशी सहमत. आमच्याकडे समुद्राची हवा, एमडीएफच्या उघड्या कडा दोन पावसाळ्यांत फुगतात. सागवान परवडत नसेल तर फणसाचं वाळलेलं लाकूड बघा. आमच्या घराची दारं फणसाची आहेत, पिवळा रंग मुरून आता गडद तपकिरी झालाय. आंब्याची फळी स्वस्त मिळेल, पण तिला भुंगा लवकर लागतो.

निखिल, पुणे

एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि त्यात फॉर्मल्डिहाइड असलेली राळ असते. फ्लॅटमध्ये कापणार असाल तर साधा कापडी मास्क चालणार नाही, एन-95 वापरा. सरळ काप दुकानातच मारून घ्या. अख्खी 18 मिमीची आठ बाय चारची शीट चाळीस किलोच्या घरात जाते, जिन्यावरून आणणंही सोपं नाही. घेताना ई-1 किंवा ई-0 (कमी फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या मालाची खूण) लिहिलंय का बघा.

सई, डोंबिवली

खूप आभार. मधली उभी फळी मला सुचलीच नव्हती. प्लंबरला उद्याच बोलावते. काका, दोन शंका. दुकानदार एचडीएचएमआर (एमडीएफसारखीच, ओल जास्त सोसणारी शीट) सुचवतोय, ते घेऊ का? आणि एमडीएफच्या कडेत स्क्रू मारला की फाटतं म्हणतात, मग जोडायचं कसं?

पॅटर्नवाला, कोल्हापूर

दोन बाजू आणि पाठ एचडीएचएमआरची घ्या. ते जास्त घट्ट असतं, दमट हवेला टिकतं. पाण्यात उभं राहणार नाही, म्हणून कापलेल्या कडा बंद कराच. फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून कडेला चोळा, वाळल्यावर 220 नंबरचा पॉलिश पेपर मारा, पुन्हा एक हात द्या, मग प्रायमर.

स्क्रूच्या आधी भोक पाडायचंच. 4 मिमी स्क्रूला 3 मिमीचं, आणि स्क्रूच्या पूर्ण लांबीइतकं खोल. कोपऱ्यापासून दोन इंच आत राहा. कप्प्यांचा भार मात्र कडेतल्या स्क्रूवर टाकू नका. बाजूच्या फळ्यांना आणि मधल्या उभ्या फळीला आतून सागवानाच्या पाऊण इंची पट्ट्या गोंद-स्क्रूने बसवा आणि कप्पे त्यांच्यावर ठेवा. पट्ट्यांची लेव्हल तपासायला स्पिरिट लेव्हल नसेल तर एकच पट्टी मापाला कापून प्रत्येक ठिकाणी तळापासून तीच लावत वर जा.

दारांच्या चौकटीच्या जोडाला कुसू-खाच (एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या खाचेत) जमणार आहे की डॉवेल, म्हणजे गोल लाकडी खुंट्या, वापरणार, ते सांगा. त्यावरून चौकटीची जाडी सांगतो.