शिबिरानंतरची गळती

तपासणी शिबिरं वाढवली की मधुमेहाचे लपलेले रुग्ण सापडतील, असं म्हटलं जातं. सापडतील हो, पण पुढे काय? पोटात चहा-पोहे असताना बोटाला टोचून मोजलेली साखर म्हणजे निदान नव्हे. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी रक्त द्यायला पुन्हा जावं लागतं. रोजंदारीवरच्या बाईचा त्यात खाडा होतो, आणि काही दुखत नसताना खाडा कोण करेल?

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. गोव्यात तर प्रमाण २६.४ टक्के, सगळ्यात जास्त.

एचबीए१सीवरही (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरसकट विसंबू नये. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर तो आकडा खोटा चढू शकतो, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात खोटा उतरू शकतो. म्हणून सिकलसेल जास्त आढळणाऱ्या नंदुरबार, गडचिरोलीकडे रक्तातलं ग्लुकोज थेट मोजलेलंच बरं.

आणि साखर कमी करणाऱ्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या हातात दिल्या की उपचार झाले, असं धरलं जातं. मधुमेहात पाय बधिर होऊ शकतात; तळपायाची संवेदना मोनोफिलामेंटने (टोचून पाहायचा बारीक नायलॉनचा धागा) दोन-चार मिनिटांत तपासता येते, ती तपासणीही बऱ्याच ठिकाणी होत नाही. डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची गोष्ट तर लांबच.