वळेसर घेतला, पण माळू कुठे?

पातोळी
परवा शिरोड्याच्या बाजारात एक बाई सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, घेऊन बसली होती. नाकाने आधी ओळखलं, डोळ्यांनी मागाहून. एक घेतला, पैसे दिले, सवयीने हात मानेमागे गेला आणि तिथे काहीच नाही! गेल्या वर्षी मीच हौसेने केस कापून घेतलेत. बाई हसली. म्हणाली, "आता गाडयेक बांध."

शाळेत असताना कमरेखाली शेपटा होता माझा. माझा कसला, आईचाच. रविवारी चुलाण्यावर तपेलं चढायचं. रात्री भिजत घातलेली शिकेकाई, रिठे, मूठभर मेथी असं उकळून गाळायची. मी पाटावर उकिडवी, डोळे घट्ट मिटून. तरी एक ओघळ डोळ्यात जायचाच. पावसाळ्यात तर हाल. आपल्याकडे आषाढात पंचा वाळत नाही, तिथे हातभर केस कुठले वाळायला? चुलीकडे पाठ करून बसवायची आणि बोटांनी एकेक बट सोडवत राहायची. सोमवारी वर्गात माझ्या वेणीला धुराचा वास. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बारावीनंतर पुण्याला हॉस्टेलवर पहिल्याच सकाळी कळलं की मला माझी वेणी घालता येत नाही. अठरा वर्षांची घोडी, भांग सरळ पडेना म्हणून बाथरूममध्ये रडले.

तुमचं काय? लिहा. केस असलेल्यांनी आणि नसलेल्यांनीही.

रातांबा
सुरंगी आली पण?? कितीला दिलान वळेसर? आमच्या आसोलीत कळ्या काढायला पहाटेपासून झाडावर माणसं. फुललेलं फूल वळेसराला चालत नाही, कळीच हवी.
केसांवर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

चुकार होडी
'नसलेल्यांनीही' म्हणालात म्हणून धीर आला.
आमच्या वाडीत नाभिक काका घरी यायचे. माडाखाली पाटावर बसवायचे आणि मान अशी दाबायचे की फक्त मुंग्या दिसायच्या. मजुरी वर्षाची, भाताच्या रूपात ठरलेली, तेव्हा अमुक पद्धतीने कापा म्हणायची सोय नाही. सगळ्या भावंडांना एकच वाटीकट. मुंबईत पहिल्या पगारात बच्चनसारखे कान झाकून घेतले. गणपतीला घरी आलो तर वडील म्हणाले, "आरतीला उभा राहण्याआधी माणसात ये."
आता पन्नाशीत वर सडा, म्हणजे उघडा कातळ, कडेने झाडी.

कुळीथपिठी
वर सडा, हाहाहाहा. कातळशिल्पं सापडली तर युनेस्कोला कळवा.

चुकार होडी
बायकोने टाचणीने कोरून ठेवलंय, "दूध आणायला विसरू नये."

माजघर
३ जून २०२०. निसर्ग वादळ. आम्ही दापोली तालुक्यातले. वीज नाही, पंप नाही, विहिरीचं पाणी कळशीने ओढायचं. घरात लांब केसांच्या तीन बायका. आठ-दहा दिवस घामाने चिकट झालेले केस तसेच बांधून कौलं वेचत होतो. शेवटी शिवणाची कात्री काढली पण हात होईना. सासूबाई म्हणाल्या, "काप. बाग आडवी झाल्येय, केसांचं काय घेऊन बसल्येस." आधी स्वतःचा आंबाडा सोडून माझ्यापुढे बसल्या.
केस काय, महिन्याला जेमतेम सेंटिमीटर म्हटलं तरी दोन वर्षांत खांद्याखाली आले. पोफळी पुन्हा लावल्यात, त्या काही एवढ्यात धरायच्या नाहीत.

रातांबा
आले. गुंतवळ विकलंय का कोणी? आजी फणीतला गुंता बोटाभोवती गुंडाळून माडीच्या भिंतीच्या फटीत खोचायची. केसांवर भांडी देणारी बाई आली की फट रिकामी. वर्षभराच्या सगळ्या बायकांच्या गुंतवळावर एक स्टीलचा डबा मिळाला. झाकणाला म्हणे वजन कमी पडतंय! ते पुढच्या वर्षी मिळालं. बसत नाही अजून.

नवीआई
माफ करा, विषय सोडून आहे. माक्याच्या तेलाचं प्रमाण सांगाल का? बाळ चार महिन्यांचं, आणि न्हाताना मूठमूठ केस हातात येतायत. टक्कल पडणार का मला?

कुळीथपिठी
नाही पडत गं. मी हेच रोज दवाखान्यात सांगते. गरोदरपणात जे गळायचे थांबलेले असतात ते बाळंतपणानंतर साधारण तीन महिन्यांनी एकदम गळतात. टायफॉइडनंतरही असंच होतं. बहुतेकींचे वर्षभरात सावरतात. तेल आवडत असेल तर लाव, पण तेलाने थांबले असं समजू नकोस. फारच लांबलं तर हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घे.

नवीआई
धन्यवाद ताई. आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, डॉक्टरांनाच तेल पाठव.

चंद्रज्योत
आमचं मूळ गाव मुरुड, दापोलीचं, महर्षी कर्व्यांचं. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून ह्याच गावाने त्यांना वाळीत टाकलं. माझी पणजी त्यानंतर कितीतरी वर्षांनी विधवा झाली आणि केस काढायला न्हाव्यापुढे बसली. वय सोळा. तिचा एकच फोटो आहे, विधवेचं लाल लुगडं, आलवण, कपाळापर्यंत ओढलेलं. फोटोत ते काळंच दिसतं.
आजी सांगायची, घरातल्या सगळ्या मुलींच्या वेण्या हीच घालायची. चौपेडी, पाचपेडी, सणाला खोपा. कुणाचा एक केस ओढला जायचा नाही. वेणी झाली की तेलकट हात पदराला न पुसता आलवणाच्या आत, स्वतःच्या डोक्यावर फिरवायची.
मी माझ्या लेकीला "कापून टाक ना एकदाचे, किती वेळ जातो" म्हणते, तेव्हा तो फोटो समोरच्याच भिंतीवर असतो.

माजघर
तेलकट हात... काय बोलू.

बिनफणीची
मी रोज वाचते, लिहीत नाही. गेल्या वर्षी किमो. दुसऱ्या डोसाआधी उशीवर पुंजके दिसायला लागले, तेव्हा नवऱ्याने अंगणात स्टुलावर बसवून मशीन फिरवलं. आमची कुत्री मला बघून भुंकली, बाकी कोणी काही बोललं नाही. आता आलेत ते चक्क कुरळे! जन्मभर सुतासारखे सरळ होते. जाऊबाई विचारतात, पार्लरला किती दिलेस.

रातांबा
सांग त्यांना, परवडायचं नाही तुम्हाला.

पातोळी
बिनफणीची, कुरळ्यांत वळेसर चांगला अडकतो, पिन लागत नाही. पुढच्या वेळी तुझ्यासाठी घेते.
माझा आरशाच्या खिळ्याला टांगलाय. सुकला तरी खोलीभर वास. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "खिळ्याला कशाला? मला पाठवायचास." तिचा आता सुपारीएवढा आंबाडा उरलाय, पण हौस तेवढीच. ती दादरला असते. ह्या आठवड्यात कोणी जातंय का? एक छोटा डबा आहे.

चुकार होडी
मी. शिमग्याला आलोय, रविवारी तुतारी एक्सप्रेसने परत. सावंतवाडी स्टेशनवर आणून द्या. झाकण घट्ट लावा हो, रातांबाच्या डब्यासारखं नको. ह्या टकलाला सुरंगीचा वास आला तर बायकोला काय सांगू?