विषय: बँकॉकच्या सहलीत ग्रँड पॅलेससाठी किती वेळ ठेवावा?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

समितीने पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेत ग्रँड पॅलेस आणि त्याच आवारातील वाट फ्रा केओ या मंदिरासाठी सकाळी ११ ते १२ असा एकच तास ठेवलेला आहे. माझ्या सासूबाई आमच्याबरोबर येणार असून तेथील रामायणाची चित्रे पाहण्याची त्यांची फार इच्छा आहे. एवढा वेळ पुरेल का, आणि देवळात कोणते नियम पाळावे लागतात, हे कोणी तेथे जाऊन आले असल्यास कृपया कळवावे.

– एक सभासद

*

ताईंना नमस्कार.

बँकॉकमध्ये नोकरीनिमित्त काही वर्षे काढल्यामुळे आणि पाहुण्यांना घेऊन तेथे अनेकदा गेल्यामुळे सांगतो, की एक तास मुळीच पुरणार नाही. समितीला माझी आग्रहाची विनंती आहे, की दुपारची खरेदी रद्द करावी लागली तरी चालेल, पण येथे किमान तीन तास द्यावेत आणि दारे उघडतात त्या वेळी, म्हणजे साडेआठलाच, तेथे पोहोचावे. अकरानंतर उन्हाने फरशी तापते आणि गर्दीत चित्रांसमोर उभेही राहता येत नाही.

पहिला राम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजाने १७८२ मध्ये राजधानी चाओ फ्राया नदीच्या पूर्व तीरावर आणली, तेव्हा राजवाडा आणि मंदिर एकाच तटबंदीत बांधायला घेतले. हे राजघराण्याचे देवघर असल्यामुळे येथे भिक्षूंचा निवास नाही. गाभाऱ्यातील मूर्तीला पाचूचा बुद्ध म्हणतात, परंतु ती हिरव्या जेडसारख्या एकाच पाषाणातून घडवलेली असून जेमतेम ६६ सेंटिमीटर उंचीची आहे. १४३४ मध्ये उत्तर थायलंडमधील चिआंग राय येथे वीज पडून स्तूप भंगला, त्यात गिलावा दिलेली एक मूर्ती सापडली आणि नाकावरचा गिलावा उडाल्यावर आतला हिरवा दगड दिसला, असे बखरी सांगतात. पुढे दोन शतकांहून अधिक काळ ती लाओसमधील व्हिएंतियानला होती. १७७९ मध्ये सेनापती असताना याच पहिल्या रामाने ती स्वारीतून आणली. तेथले तिचे जुने मंदिर आज संग्रहालय म्हणून उभे आहे, हे मूर्तीसमोर बसताना आपण लक्षात ठेवावे असे मला वाटते. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिचे तीन सोन्याचे पोशाख असून ऋतू पालटताना राजा स्वतः ते बदलतो.

सासूबाईंना प्रथम भोवतालच्या ओवऱ्यांत न्यावे. तेथे रामकियेनची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ चित्रे ओळीने आहेत; कथा उत्तरेकडच्या दारापासून सुरू होते, तेव्हा सुरुवातही तेथूनच करावी. थोसकान म्हणजे दशकंठ रावण, फ्रा लक म्हणजे लक्ष्मण, अशी नावे त्यांना लगेच उमगतील. मात्र समर्थांचा ब्रह्मचारी मारुती मनात धरून गेलेल्या माणसाला तेथे धक्का बसतो. सेतूचे दगड पळवणारी रावणाची कन्या, सोनेरी शेपटीची मत्स्यकन्या, हिच्यावर तेथील हनुमान अनुरक्त होतो आणि त्यांना मच्छानू नावाचा माशाच्या शेपटीचा मुलगा होतो. आपल्याकडे मारुतीच्या घामाचा थेंब माशाने गिळल्यामुळे जन्मलेला मकरध्वज आहेच, तेव्हा थाई लोकांनी कथा बिघडवली असे कृपया कोणी म्हणू नये. ती त्यांनी आपलीशी केली आहे.

नियम सोपे आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. साडी किंवा सलवार-कमीज उत्तम. गाभाऱ्यात चपला आणि छायाचित्रे चालत नाहीत, आणि बसताना पाय मागे दुमडावेत, मूर्तीकडे तळवे करू नयेत. बाहेर पाण्याच्या पात्रात कमळाच्या कळ्या ठेवलेल्या असतात. भाविक कळी बुडवून थेंब आपल्या डोक्यावर शिंपडतात. माझ्या आईला हे कोणी सांगावे लागले नाही. तिने शेजारच्या थाई आजींकडे पाहिले, कळी उचलली आणि आधी माझ्या डोक्यावर पाणी शिंपडले.

परदेशी प्रवाशांसाठी तिकीट ५०० बाटचे आहे. वाटेत कोणी ‘आज राजवाडा बंद आहे’ असे सांगून रिक्षात बसवू लागल्यास ऐकू नये, थेट दारापाशी जावे.

– एक जुने सभासद

*

दादा, मनःपूर्वक आभार.

समितीने ८.३० ते १२ ही वेळ मान्य केली आहे. मकरध्वजाची गोष्ट सासूबाईंनी काल रात्रीच मुलांना सांगायला घेतली.