केट बुशचं मोठेपण पहिल्या क्रमांकावरून ठरवायचं का?

रानवारा

जून 2022 मध्ये ब्रिटिश गायिका केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर, म्हणजे सुट्या गाण्यांच्या खपाच्या यादीत, पहिलं आलं. तेव्हापासून तिच्यावर काहीही वाचायला घ्या, सुरुवात तिथूनच होते. गाणं 1985 चं, पहिला क्रमांक 37 वर्षांनी. आधीचा पहिला क्रमांक 1978 चा, म्हणजे दोहोंमध्ये 44 वर्षं. वय 63, म्हणजे त्या चार्टवर पहिली आलेली सर्वांत वयस्क गायिका. 2022 मध्ये तिन्ही विक्रम खरे होते आणि मला त्यांचा आनंदच आहे.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. तिचं काम चार्टवरून जोखायला गेलं की तिची सगळ्यांत धाडसी ध्वनिमुद्रिका नेमकी नजरेआड होते. ती म्हणजे सप्टेंबर 1982 चा 'द ड्रीमिंग'. निर्मिती पहिल्यांदाच पूर्णपणे तिच्या एकटीच्या हातात होती. फेअरलाइट हे ऑस्ट्रेलियन यंत्र तेव्हा नवं होतं. कुठलाही आवाज त्यात भरायचा आणि पट्ट्यांवर तो सुरात वाजवायचा. 1980 च्या 'बाबूश्का'त फुटणाऱ्या काचा तिने त्यातून वाजवल्या होत्या, 'द ड्रीमिंग'मध्ये तिने त्या यंत्रावर अख्खी जगं उभी केली. एका गाण्यात व्हिएतनामच्या जंगलातला सैनिक, एकात जादूगार हूदिनीची बायको, शेवटच्या गाण्यात घराचं दार घट्ट लावून बसलेली बाई, जी शेवटी गाढवासारखी ओरडते. हूदिनीच्या गाण्यासाठी आवाज खरखरीत व्हावा म्हणून तिने दूध पिऊन आणि चॉकलेट खाऊन ते गायलं. कुठली गायिका मुद्दाम घसा बिघडवून माइकसमोर उभी राहते?

चार्टने काय केलं? अल्बम तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, पण शीर्षकगीताचं सिंगल 48 वर अडकलं आणि त्यानंतरचं 'देअर गोज अ टेनर' पहिल्या 75 मध्येही आलं नाही. आकड्यांवरून पाहिलं तर हा घसरणीचा काळ. माझ्या मते हे तिच्या कारकिर्दीचं शिखर आहे.

तबकडीवेडा

ठाम असहमत. तुम्ही चार्टकडे निकालपत्रक म्हणून पाहताय. केट बुशसाठी चार्ट हे भांडवल होतं.

1978 पासून बघा. पहिलं सिंगल म्हणून इएमआय या तिच्या कंपनीला 'जेम्स अँड द कोल्ड गन' हवं होतं. 19 वर्षांची मुलगी अडून बसली, की 'वदरिंग हाइट्स'च आधी येईल. ते जानेवारी 1978 मध्ये आलं, मार्चमध्ये 'अब्बा' या पॉप गटाला खाली ढकलून पहिलं झालं आणि चार आठवडे तिथेच राहिलं. स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन ब्रिटनच्या चार्टवर पहिली आलेली ही पहिली स्त्री. कंपनीचा अंदाज चुकला आणि तिचा बरोबर ठरला. हे एकदा आकड्यांत सिद्ध झाल्यावर तिच्याशी वाद घालणं कंपनीला कठीण गेलं. 1980 च्या 'नेव्हर फॉर एव्हर'ची निर्मिती तिने जॉन केलीबरोबर केली आणि तोही पहिला आला. ब्रिटिश एकल गायिकेचा स्टुडिओ अल्बम पहिला येण्याची ती पहिलीच वेळ. ते झालं म्हणून 'द ड्रीमिंग' एकटीने करायला मिळाला.

दुसरा मुद्दा पैशाचा. 'द ड्रीमिंग' लंडनच्या भाड्याच्या स्टुडिओंमध्ये झाला आणि तिथे तासाचे पैसे मोजावे लागतात. त्यानंतर तिने घरच्या शेतावर, वेलिंगला, स्वतःचा स्टुडिओ बांधला. कशाच्या जोरावर? त्याच जुन्या सिंगल्सच्या. त्या स्टुडिओत 'हाउंड्स ऑफ लव्ह' झाला. चार्ट नको म्हणाल तर हे सगळं नको म्हणावं लागेल.

रानवारा

@तबकडीवेडा, चार्टने तिला मोकळीक मिळवून दिली हे मान्यच आहे. माझा आक्षेप मोजण्याला आहे. दार कशाने उघडलं आणि आत काय आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

गोदाकाठ

1978 च्या त्या विक्रमाचं वजन आपल्याकडच्या बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडं विषयांतर. आपला कान भावगीतावर आणि चित्रपटगीतावर वाढला. तिथे कवी एक, संगीतकार दुसरा, गायिका तिसरी, आणि त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नाही. त्यामुळे 'गाणं तिनेच लिहिलं' यात विशेष काय, असं वाटू शकतं. पण तिथल्या पॉपमध्ये तोवर चार्टवर पहिल्या आलेल्या गायिका दुसऱ्यांनी, बहुतेक वेळा पुरुषांनी, लिहिलेलं गात होत्या. ही मुलगी शब्द, चाल, पियानो, आवाज, नाच सगळं स्वतःचं घेऊन आली. 'द मॅन विथ द चाइल्ड इन हिज आइज' तर तिने 13 व्या वर्षी लिहिलं, 16 व्या वर्षी वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रित केलं आणि ते सहाव्या क्रमांकावर गेलं. त्या ध्वनिमुद्रणाचा खर्च पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरने उचलला होता. म्हणजे पहिला विश्वास एका संगीतकाराने दाखवला, चार्ट नंतर आला. या मुद्द्यावर मी रानवारांच्या बाजूने.

सडेतोड

सगळे मूळ गोष्ट टाळताय. 2022 चा पहिला क्रमांक केट बुशचा नव्हताच, तो 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा होता. 27 मे ला नेटफ्लिक्सवर चौथा सीझन आला, त्यात मॅक्स या मुलीचा जीव हे गाणं वाचवतं, आणि जगभर सगळे तेच लावून बसले. त्या जागी दुसरं कुठलं चांगलं जुनं गाणं असतं तर तेच वर गेलं असतं. शिवाय चार्टवाल्यांनी तिच्यासाठी नियम शिथिल केला. जुन्या गाण्याला जो नियम सगळ्यांना, तो हिला नाही. असा विक्रम मी तरी विक्रम मानत नाही.

तबकडीवेडा

@सडेतोड, आधी नियम काय होता तो नीट सांगू. ब्रिटनच्या चार्टमध्ये पैसे भरणाऱ्या श्रोत्यांनी गाणं शंभर वेळा ऐकलं की एक विक्री धरतात. गाणं जुनं असेल तर त्याच एका विक्रीसाठी दोनशे वेळा ऐकलं जावं लागतं. नव्या गाण्यांना जागा मिळावी आणि तीच ती गाणी वर्षानुवर्षं यादीत पडून राहू नयेत, म्हणून ही सोय.

आता 10 जूनची यादी. त्या आठवड्यात ब्रिटनमध्ये सर्वाधिक ऐकलं गेलेलं गाणं 'रनिंग अप दॅट हिल' होतं, हॅरी स्टाइल्सच्या 'अ‍ॅज इट वॉज'पेक्षा जास्त. पण मोजणी निम्म्याने झाल्यामुळे ते दुसरं राहिलं. पुढच्या आठवड्यासाठी अपवाद केला, मोजणी सगळ्यांसारखी झाली आणि 17 जूनला ते पहिलं आलं. तिला एक ऐकणं जास्त दिलं नाही, फक्त कापणं थांबवलं. नंतर तीन आठवडे ते तिथे राहिलं.

आणि 'टीव्हीमुळे' हा आरोप असेल तर तो 1978 पासून करा. 'वदरिंग हाइट्स' सुचलं कशावरून? एमिली ब्राँटेच्या कादंबरीवरच्या बीबीसीच्या मालिकेचा शेवट तिने पाहिला, खिडकीबाहेरचा हात डोक्यात राहिला, कादंबरी नंतर वाचली. केट आणि एमिली दोघींचा जन्म 30 जुलैचा, तिला याचंही फार अप्रूप होतं. पडद्यावरून गाण्यात आणि गाण्यातून पुन्हा पडद्यावर, असा तिचा प्रवास पहिल्यापासूनच आहे.

सडेतोड

मालिका पाहून गाणं लिहिणं आणि मालिकेमुळे गाणं खपणं यात फरक आहे. पहिल्यात तिची प्रतिभा आहे, दुसऱ्यात गाणं निवडणाऱ्याची. नियमाचं पटलं.

चांदणचुरा

मी त्याच 'स्ट्रेंजर थिंग्ज'वाल्या गर्दीतली. 2022 च्या आधी मला हे नावही माहीत नव्हतं. 'दुसरं कुठलंही गाणं चाललं असतं' हे मला अजिबात पटत नाही. मॅक्सच्या मनात सावत्र भावाच्या मृत्यूचा अपराधीभाव आहे. गाण्यात एक जण देवाशी सौदा करू पाहतो, की मला तिच्या जागी ठेव आणि तिला माझ्या. ती दोन्ही एकमेकांत इतकी चपखल बसतात म्हणून लोकांनी गाणं पुन्हा पुन्हा लावलं. नुसत्या पार्श्वसंगीतासाठी कुणी इतकं करत नाही.

मी तिथून हे गाणं असलेल्या 'हाउंड्स ऑफ लव्ह' अल्बमवर गेले आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला, 'द नाइन्थ वेव्ह'ला, अडकले. रात्री समुद्रात एकटी तरंगणारी बाई, झोप आली तर बुडणार, आणि सकाळपर्यंत जागं राहायचं. सात गाण्यांची एक सलग गोष्ट. ते मला 'द ड्रीमिंग'पेक्षा कितीतरी मोठं वाटतं. 'द ड्रीमिंग' मी लक्ष देऊन ऐकला. दर चार सेकंदांनी नवा आवाज येतो, माणूस कुठेच टेकत नाही. धाडस असेल, पण 'नाइन्थ वेव्ह'मध्ये तेच धाडस मला रडवतं.

रानवारा

@चांदणचुरा, 'माणूस कुठेच टेकत नाही' हे अगदी खरं आहे, आणि मला 'द ड्रीमिंग' त्यासाठीच आवडतो. तरी त्यातलं 'नाइट ऑफ द स्वॅलो' पुन्हा ऐका. डब्लिनला जाऊन आयरिश वादकांबरोबर केलेलं. पियानोवर हळू चालणारं गाणं, आणि कडव्यानंतर एकदम आयरिश पाइप्स उसळतात. तुम्हाला आवडलेल्या 'नाइन्थ वेव्ह'मधली आयरिश नाचाची धून याच वाटेने आली आहे.

आता चार्टची किंमत काय मोजावी लागली तेही सांगतो. 'रनिंग अप दॅट हिल'चं तिने दिलेलं नाव 'अ डील विथ गॉड' होतं. धार्मिक वळणाच्या देशांत रेडिओवाले असलं नाव वाजवणार नाहीत, असं कंपनीने सांगितलं आणि नाव बदललं. गाण्याचा गाभाच नावातून गेला, तोही फक्त क्रमांकासाठी. ज्या बाईने 1978 मध्ये कंपनीला नमवलं, तिला 1985 मध्ये नमावं लागलं. मधल्या काळात काय घडलं? 'द ड्रीमिंग'चे आकडे पडले. म्हणून मला आकड्यांचा राग आहे.

तबकडीवेडा

नमली असं मी म्हणणार नाही. तीन वर्षं तिच्याकडून काही आलेलं नव्हतं आणि नाव अडून राहिलं असतं तर अख्ख्या अल्बमला फटका बसला असता. तिने नाव सोडलं, सूर एकही सोडला नाही. अखंड घुमणारा तो ढोल, फेअरलाइटवरची ती चेलोसारखी ओळ, सगळं जसंच्या तसं. अल्बमवर जुनं नाव कंसात राहिलंच. मग सिंगल तिसरं आलं, अल्बमने मॅडोनाच्या 'लाइक अ व्हर्जिन'ला पहिल्या जागेवरून हटवलं, आणि 'नाइन्थ वेव्ह'सारखी गोष्ट लाखो घरांत पोचली. एका नावाच्या बदल्यात मला हा सौदा फार चांगला वाटतो.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून लिहितेय. ब्रिटनचेच आकडे चाललेत, इकडचे पाहिले तर रानवारांचा मुद्दा आणखी पक्का होतो. 'वदरिंग हाइट्स' अमेरिकेत चाललं नाही. 'रनिंग अप दॅट हिल' 1985 मध्ये 30 पर्यंत गेलं आणि पुढे कितीतरी वर्षं तेच तिचं इथलं सर्वांत यशस्वी गाणं राहिलं. 2022 मध्ये तेच गाणं तिसरं आलं, 2023 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने तिला सामावून घेतलं. गाण्यातली एक मात्रा बदललेली नाही. मग 30 खरा की 3 खरा? ऐकणारे बदलले एवढंच चार्टने टिपलं.

गोदाकाठ

इतका वेळ सगळे सिंगल्सबद्दलच बोलताय. अल्बमचा चार्ट उघडून पाहा, चित्र पालटतं. 'द किक इनसाइड' ते 'फिफ्टी वर्ड्स फॉर स्नो', 1978 ते 2011, दहा स्टुडिओ अल्बम. ब्रिटनमधले क्रमांक ओळीने: 3, 6, 1, 3, 1, 2, 2, 3, 2, 5. सहाच्या खाली एकही नाही. सिंगल्स 48 वर असोत नाहीतर यादीबाहेर, अल्बम घेणारे लोक हलले नाहीत. 1993 च्या 'द रेड शूज'नंतर बारा वर्षं ती गप्प होती, तरी 2005 चा 'एरियल' तिसरा आला. त्याची अख्खी दुसरी डिस्क म्हणजे एका दुपारपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतचा काळ आणि पक्ष्यांचे आवाज. 'फिफ्टी वर्ड्स'मध्ये सात गाणी पासष्ट मिनिटांची आहेत, रेडिओवर वाजण्याजोगं त्यात जवळपास काहीच नाही, आणि तो पाचवा.

2014 मध्ये, मैफलींच्या 35 वर्षांच्या खंडानंतर, ती लंडनच्या हॅमरस्मिथला 22 रात्री गायली. त्या ऑगस्टमध्ये तिचे आठ अल्बम एकाच वेळी ब्रिटनच्या पहिल्या चाळीसात होते. तिच्याआधी कुठल्याच गायिकेला हे जमलं नव्हतं. त्यात टीव्ही मालिका नव्हती, नियमाचा अपवाद नव्हता. @सडेतोड, हा विक्रम तरी मानाल?

सडेतोड

हा मानतो. यापुढे 2022 ऐवजी हा सांगा.

रानवारा

गोदाकाठ, अल्बमचे ते दहा आकडे मला आवडले, पण ते माझ्याच बाजूचे आहेत. 'द ड्रीमिंग'चा तिसरा आणि 'एरियल'चा तिसरा आकड्यात सारखेच. एक ऐकताना घाम फुटतो आणि दुसरा उन्हात बसल्यासारखा वाटतो. लोक तिच्यावर भरवसा ठेवून अल्बम घेत राहिले हे आकड्यांतून कळतं, अल्बम कसा आहे ते कळत नाही.

चांदणचुरा

मग ते ऐकूनच कळणार. 'नाइट ऑफ द स्वॅलो' आत्ता लावलं. पाइप्स आल्यावर अंगावर काटा आला, हे खरं. अल्बम म्हणून मात्र अजूनही 'हाउंड्स ऑफ लव्ह'च. 'एरियल'ची दुसरी डिस्क सलग ऐकायची की गाणी सुटी?

तबकडीवेडा

सलगच. मध्ये थांबवू नका. बेचाळीस मिनिटं लागतात. ती झाली की 'द सेन्शुअल वर्ल्ड' घ्या, त्यात बल्गेरियातल्या तिघीजणी तिच्याबरोबर गातात.