मदत हवी आहे: जुन्या वर्षांचा पीई कसा वाचायचा?

मंडळी, जरा डोकं चालेनासं झालंय. एका कास्टिंगवाल्या (धातूचे ओतीव भाग बनवणाऱ्या) कंपनीचे (नाव नको, उगाच टिप दिल्यासारखं होतं) दहा वर्षांचे पीई वहीत मांडायला बसलो, ३१ मार्चचा शेअरचा भाव भागिले त्या वर्षाचा ईपीएस (दर शेअरमागचा नफा), साधा हिशोब, तर एका वर्षी पीई २८ आणि पुढच्याच वर्षी एकदम ९. भाव दोन्हीकडे २५२! म्हटलं लॉटरी लागली. मग वार्षिक अहवाल उघडला तर कंपनीने कारखान्यामागची जमीन विकलेली आणि ते पैसे नफ्यात धरलेले, म्हणून ईपीएस ९ चा २८ झालेला. हा एकदाचाच नफा वजा करून पीई काढता का तुम्ही?

दुसरं, मधे १:१ बोनस (एका शेअरमागे एक फुकट) आला. अ‍ॅपवरचे जुने भाव आधीच निम्मे करून दाखवतात म्हणून मी त्याआधीचे ईपीएसही निम्मे केले, बरोबर ना? पहिल्यांदा हे विसरलो होतो आणि सगळी जुनी वर्षं फुकटात स्वस्त दिसत होती.

आणि ईपीएस स्टँडअलोन (फक्त मूळ कंपनीचा) घ्यायचा की कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून)? निफ्टीचाच पीई २०२१ च्या मार्चअखेरपासून कन्सॉलिडेटेड कमाईवर मोजायला लागले तेव्हा साधारण ४० चा ३३ झाला होता, बाजार न पडता. माझ्या कंपनीला दोन उपकंपन्या आहेत, एक तोट्यात. दहा वर्षांच्या पीईची सरासरी काढू की मीडियन (क्रमाने लावून मधला आकडा), तेही सांगा.