इंग्रजी तुलना: याद्या पाठ कराव्यात की मांडणी तपासावी?

शब्दरेघ (धागाकर्ता)
स्पर्धा परीक्षांच्या तयारीत मुलांच्या हातात आधी वाक्प्रयोगांची, म्हणजे कोणत्या शब्दाबरोबर कोणता शब्द येतो याची यादी पडते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी वाक्याची मांडणी तपासायला शिकावं.

'द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज लार्जर दॅन पुणे.' यातला एकही वाक्प्रयोग चुकीचा नाही, तरी लोकसंख्येची तुलना थेट शहराशी झाली. 'दॅन दॅट ऑफ पुणे' हवं. अनेकवचन असेल तर 'दोज ऑफ'. मराठीत 'मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त' हे सहज चालतं, म्हणून आपली मुलं इथेच घसरतात.

'दॅन', 'ॲज', 'अँड', 'बट ऑल्सो' दिसलं की आधी त्याच्या उजवीकडे बघा: नाम आहे, 'टू'वालं क्रियापद, की 'आयएनजी' रूप? तेच रूप डावीकडे शोधा. 'ही नॉट ओन्ली प्लेज क्रिकेट बट ऑल्सो हॉकी' यात एकीकडे क्रियापद, दुसरीकडे नाम. 'नॉट ओन्ली' फक्त 'प्लेज'च्या पुढे न्या, वाक्य बसतं. 'बोथ इन पुणे अँड नाशिक'चंही तेच. 'इन बोथ पुणे अँड नाशिक' लिहा, नाहीतर 'नाशिक'आधीही 'इन' घाला.

पानटीप
साफ असहमत. 'नो सूनर हॅड ही लेफ्ट व्हेन इट रेन्ड' हे तुमच्या रीतीने तपासा. दोन्हीकडे कर्ता-क्रियापद आहे, चूक सापडणार नाही. 'नो सूनर'ला 'दॅन' लागतं. 'व्हेन' लागतं 'हार्डली' आणि 'स्केअर्सली'ला. हे पाठच हवं. 'प्रिफर टी टू कॉफी'तला 'टू'ही तसाच. 'सीनिअर', 'सुपीरिअर', 'प्रायर' लॅटिनमधूनच तुलनेचं रूप घेऊन आले, म्हणून त्यांच्यापुढे 'दॅन' येत नाही. एसएससीच्या (कर्मचारी निवड आयोगाच्या) परीक्षेत चूक शोधण्याच्या प्रश्नात अनेकदा असा एकच शब्द बदललेला असतो. उलट जीमॅट या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेने नोव्हेंबर 2023 मध्ये आणलेल्या नव्या आवृत्तीतून सेंटेन्स करेक्शन, म्हणजे वाक्य सुधारण्याचे प्रश्न, काढूनच टाकले.

शब्दरेघ
परीक्षेतून गेलं म्हणून अहवाल लिहिताना लागत नाही का? 'ॲज गुड ऑर बेटर दॅन' घ्या. 'ऑर बेटर' झाकून वाचलं की 'ॲज गुड दॅन' उरतं, म्हणून 'ॲज गुड ॲज ऑर बेटर दॅन'. झाकून वाचायची सवय लागली की यादीत नसलेलं वाक्यही तपासता येतं.

उपान्त्य
तुम्ही दोघंही ज्यांना नियम म्हणता, त्यांतले काही निव्वळ संकेत आहेत. 1954 मध्ये विन्स्टन सिगारेटच्या जाहिरातीत 'ॲज'च्या जागी 'लाइक' आलं आणि अमेरिकेत व्याकरणावरून वाद पेटला. बोलण्यात ते आजही सर्रास चालतं. औपचारिक लेखनात 'लाइक'पुढे नाम आणि 'ॲज'पुढे कर्ता-क्रियापद ठेवावं, एवढंच. 'डिफरंट दॅन' अमेरिकेत रुळलेलं आहे, 'डिफरंट टू' ब्रिटनमध्ये. 'फ्रॉम' दोन्हीकडे चालतं. 'टॉलर दॅन आय'ऐवजी लिहिलेल्या 'टॉलर दॅन मी'ला चूक ठरवून गुण कापणं मला अन्यायाचं वाटतं. पण 'आय ट्रस्ट हर मोअर दॅन हिम' लिहिताना सावध राहा. वाचणारा दोन अर्थ काढू शकतो. 'दॅन आय ट्रस्ट हिम' की 'दॅन ही डझ', ते पूर्ण लिहा.

पानटीप
'टॉलर दॅन मी'बद्दल मान्य. पण शब्दरेघ, 'एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी माउंटन इन द वर्ल्ड' बघा. दोन्ही बाजूंना नाम, मांडणी निर्दोष, आणि तरी एव्हरेस्ट स्वतःपेक्षाही उंच ठरतं. 'एनी अदर' हवं. उजवीकडचं रूप डावीकडे शोधून हे कुठल्या पायरीवर पकडाल?