वीर्यतपासणीचा अहवाल हाती आला आहे. आता नेमके कोणाकडे जावे?

माझे वय ३६ आहे आणि पत्नीचे ३३. गेले चौदा महिने आम्ही अपत्यासाठी प्रयत्न करीत आहोत. या काळात पत्नीच्या रक्ताच्या, सोनोग्राफीच्या आणि गर्भनलिकांच्या सर्व तपासण्या झाल्या, त्या व्यवस्थित आल्या, आणि आता दुसरे काहीच उरले नाही अशा थाटात शेवटी मला वीर्यतपासणी करायला सांगण्यात आले. हा क्रम उलटा असायला हवा होता असे आता वाटते, पण तेव्हा मीही काही बोललो नाही.

अहवालात वीर्याचे प्रमाण १.२ मिलिलिटर, शुक्राणूंची संख्या प्रति मिलिलिटर ९० लाख, पुढे सरकणारे शुक्राणू २२ टक्के आणि योग्य आकाराचे ३ टक्के असे लिहिले आहे. याशिवाय, बराच वेळ उभे राहिल्यावर डाव्या अंडकोशात मंद दुखते आणि आडवे झाले की ते थांबते. हे दुखणे काही वर्षांपासून आहे, त्यामुळे मी ते आजवर कोणापुढे काढले नव्हते. व्यायामशाळेतील एका परिचिताने टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने घेतल्यास सर्व सुरळीत होईल असे सांगितले आहे. ती घ्यावीत का, आणि या तक्रारीसाठी कोणत्या डॉक्टरांकडे जायचे असते, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

सर्वांत आधी इंजेक्शनांचा विषय संपवतो, कारण त्यात झालेली चूक निस्तरायला अनेक महिने लागतात. शुक्राणू तयार करण्याचा आदेश मेंदूतील पीयूष ग्रंथीकडून एफएसएच आणि एलएच या दोन संप्रेरकांमार्फत वृषणांना मिळतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की शरीरात ते पुरेसे आहे असे समजून ही ग्रंथी आदेश देणे थांबवते, वृषणांतील निर्मिती मंदावते आणि काही जणांच्या वीर्यात तर एकही शुक्राणू उरत नाही. मूल हवे असलेल्या पुरुषाने हे औषध घेऊ नये, मग ते सुचवणारा कितीही धडधाकट दिसत असो.

आता अहवालाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत किमान संदर्भमूल्ये वीर्यासाठी १.४ मिलिलिटर, संख्येसाठी प्रति मिलिलिटर १ कोटी ६० लाख, पुढे सरकणाऱ्या शुक्राणूंसाठी ३० टक्के आणि योग्य आकारासाठी ४ टक्के अशी आहेत. आपले आकडे त्याखाली आहेत हे खरे. परंतु ही उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची रेघ नव्हे. ज्यांच्या जोडीदाराला बारा महिन्यांच्या आत गर्भधारणा झाली, अशा पुरुषांच्या तपासण्यांवरून ही मूल्ये काढलेली आहेत आणि त्यांच्यापैकीही पाच टक्के पुरुष प्रत्येक रेघेच्या खालीच होते. शिवाय एकाच माणसाचे आकडे दर वेळी बरेच बदलतात, म्हणून एका नमुन्यावर निदान करीत नाहीत. आपण नमुना किती दिवसांच्या संयमानंतर, म्हणजे वीर्यस्खलन टाळून, दिला, तो पूर्ण गोळा झाला होता का, तो प्रयोगशाळेत किती वेळाने पोहोचला आणि त्याआधीच्या तीन महिन्यांत जोराचा ताप आला होता का, हे कृपया सांगावे.

धागाकर्ता

आपण विचारले म्हणून आठवले. नमुना घरी घेतला होता, सुरुवातीचा थोडा भाग डबीबाहेर सांडला आणि तो पोहोचवायला सुमारे दीड तास लागला. हे तिथे सांगण्याचा संकोच वाटला. तपासणीच्या पाच आठवडे आधी मला १०३ अंश ताप येऊन गेला होता. संयम मात्र चार दिवसांचा होता.

पहिला प्रतिसाद (पुढे)

मग हा अहवाल बाजूलाच ठेवावा. वीर्याच्या पहिल्या भागातच सर्वाधिक शुक्राणू असतात, त्यामुळे नेमका तोच सांडला तर संख्या आणि प्रमाण दोन्ही कमी दिसतात. नमुना तासाभरात आणि शरीराच्या उबेइतक्या तापमानात पोहोचला नाही तर हालचाल मंदावते. तापाचा परिणाम तर आणखी लांबतो. वृषणे शरीराबाहेर लोंबती असतात ती त्यांना दोन-तीन अंश थंडावा मिळावा म्हणूनच, आणि एक शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात. त्यामुळे आजच्या नमुन्यात मागच्या ऋतूचे आजारपण दिसते. तापानंतर तीन महिने उलटल्यावर, दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर, शक्य असल्यास प्रयोगशाळेतच नमुना देऊन तपासणी पुन्हा करावी.

मात्र डाव्या बाजूच्या दुखण्यासाठी तेवढे थांबू नये. हे वर्णन व्हेरिकोसीलचे वाटते. वृषणातून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगण्याचा हा प्रकार सुमारे १५ टक्के पुरुषांत आढळतो, आणि डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळत असल्यामुळे तो बहुधा डावीकडेच होतो. यासाठी युरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञाकडे, जावे. पुरुषांच्या प्रजननसमस्यांचा विशेष अनुभव असलेला, म्हणजे अँड्रॉलॉजिस्ट, मिळाल्यास उत्तम. ते उभे करून हाताने तपासतात, आणि हा भाग कोणत्याही छापील अहवालाने भरून निघत नाही. गरज वाटल्यास एफएसएच आणि सकाळच्या वेळचे टेस्टोस्टेरॉन तपासतात. ओळखीचे युरोलॉजिस्ट नसतील तर नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयाच्या मूत्ररोग विभागात जावे. 'गुप्तरोग' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून हमखास गुणाची हमी देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नये.

दुसरा प्रतिसाद

थोडे निराळे, पण याच दाराशी अडखळणाऱ्यांसाठी लिहितो. माझी तक्रार लिंगाला ताठरता न येण्याची होती आणि मी वर्षभर ती मानसिक ताणावर ढकलली. डॉक्टरांनी गोळी लिहून देण्याआधी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासले, तेव्हा मधुमेह निघाला. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांचा बिघाड कधी कधी तिथे आधी जाणवतो. सिल्डेनाफिलसारखी गोळी परस्पर घेऊ नये; छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची औषधे चालू असतील तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली येऊ शकतो.

तिसरा प्रतिसाद

वरील सर्व तक्रारींत भेटीची वेळ घेऊन जाता येते, परंतु दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वृषणात अचानक असह्य कळ आली, विशेषतः सोबत मळमळ असेल, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर ते गमावण्याची भीती असते. अशा वेळी रात्र असली तरी थेट तातडीच्या विभागात जावे. दुसरी, न दुखणारी टणक गाठ. दुखत नाही म्हणून ती सोडून देतात, पण वृषणाचा कर्करोग तरुण वयातच अधिक आढळतो आणि वेळीच सापडला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

धागाकर्ता (साडेतीन महिन्यांनंतर)

सर्वांचे आभार. इंजेक्शने घेतली नाहीत. युरोलॉजिस्टनी उभे करून, खोल श्वास रोखायला लावून तपासले आणि डावीकडे हाताला लागणारे व्हेरिकोसील असल्याचे सांगितले. दुसरा नमुना तिथेच दिला. संख्या प्रति मिलिलिटर १ कोटी ४० लाख आणि पुढे सरकणारे २९ टक्के आले. सूक्ष्मदर्शकाखाली शिरा बांधण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे, तिचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात आणि त्या काळात प्रयत्न थांबवण्याचे कारण नाही, असेही सांगितले. पत्नीच्या वयाचा विचार करता एवढे थांबावे की कृत्रिम गर्भधारणेचा सल्लाही आताच घ्यावा, हे ठरवण्यासाठी पुढच्या भेटीला आम्ही दोघे जाणार आहोत. आजवरच्या भेटींना मी एकटाच जात होतो. डॉक्टरांनीच विचारले की त्या का आल्या नाहीत.